प्रतिपक्षाची बाजू : व्हिडिओ गेममधील कथन आणि विरोधी गटांची नैतिक संदिग्धता

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –

• ‘विरोधक’, ‘प्रतिनायक’ आणि ‘खल’ या संज्ञांमधील भेद स्पष्ट करता येईल.
• विरोधी गटाची नैतिक संदिग्धता कोणत्या कसोट्यांवर तपासावी, हे सांगता येईल.
• मराठी कथनपरंपरेतील प्रतिपक्षाच्या चित्रणाचा व्हिडिओ गेममधील कथनाशी संबंध जोडता येईल.
• क्रियापदे आणि संबोधने यांच्या आधारे एखाद्या कथनाचा पक्षपात ओळखता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोककथा, नाटक आणि कादंबरी या कथनप्रकारांचा परिचय आपण मागील घटकांत करून घेतला. प्रस्तुत घटकात आपण एका नव्या कथनप्रकाराकडे वळणार आहोत. संगणकावर किंवा मोबाइलवर खेळला जाणारा व्हिडिओ गेम हा केवळ बोटांच्या चपळाईचा खेळ राहिलेला नाही. अनेक गेमना सविस्तर कथानक असते, पात्रे असतात, संवाद असतात आणि एकमेकांविरुद्ध उभे ठाकलेले गट असतात. आपल्यापैकी काहींनी असे गेम खेळले असतील, तर काहींच्या घरातील मुले ते खेळत असतील. ज्यांनी एकही गेम खेळलेला नाही, त्यांनाही या घटकात अडचण येऊ नये. कारण येथे उपस्थित होणारे प्रश्न कथनाचे आहेत आणि कथा ऐकण्याचा अनुभव आपणा सर्वांपाशी आहे.

या विवेचनाचा मुख्य प्रश्न असा : कथेत जो गट नायकाच्या विरोधात उभा असतो, तो वाईट असतोच का? आणि तो वाईट आहे असे आपल्याला वाटते, तेव्हा ते त्याच्या कृत्यांमुळे वाटते की कथा सांगणाऱ्याच्या भाषेमुळे? वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून हा प्रश्न आपल्याला महत्त्वाचा आहेच. त्याचबरोबर गावात, कार्यालयात, पंचायतीत किंवा भावकीत ‘ते लोक’ असा शब्दप्रयोग आपण रोज ऐकतो आणि करतो. ‘ते लोक’ कसे घडविले जातात, हे समजून घेणे हा या घटकाचा व्यापक हेतू आहे.

३. संज्ञाविचार : खल, प्रतिनायक, प्रतिपक्ष

मराठीत आपण ‘खलनायक’ हा शब्द सैलपणे वापरतो. या शब्दात दोन भिन्न गोष्टी एकत्र आल्या आहेत. ‘खल’ हा नैतिक निवाडा आहे. खल म्हणजे दुष्ट. ‘प्रति’ हा उपसर्ग मात्र केवळ स्थान सांगतो; प्रतिनायक म्हणजे नायकाच्या समोर उभा असलेला. समोर उभा असणे आणि दुष्ट असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. नायक दरोडेखोर असेल, तर त्याच्या मागावर असलेला प्रामाणिक फौजदार हा त्या कथेतील प्रतिनायक ठरतो. त्याला खल म्हणता येत नाही.

ही गल्लत जुनी आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात प्रतिनायकाचे लक्षण सांगताना तो लोभी, उद्धत, पापकर्मा आणि व्यसनी असतो, असे म्हटले आहे. म्हणजे स्थान सांगता सांगता शास्त्रकाराने निवाडाही देऊन टाकला. संस्कृत नाटककार मात्र या चौकटीत नेहमी राहिले नाहीत. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ या नाटकात मांड्या मोडून रणांगणावर पडलेला दुर्योधन आपल्याला दिसतो. सवयीने मांडीवर बसायला आलेल्या लहान मुलाला तो मांडीवर घेऊ शकत नाही. या प्रसंगाने दुर्योधनाचे अपराध पुसले जात नाहीत; परंतु त्याला केवळ ‘खल’ म्हणून बाजूला सारणेही प्रेक्षकाला शक्य होत नाही.

मराठी कादंबरीत याचे परिचित उदाहरण म्हणजे शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७). या कादंबरीत कर्ण, वृषाली, दुर्योधन, शोण, कुंती आणि कृष्ण असे सहा निवेदक आहेत. महाभारतात जो पक्ष पराभूत आणि अपराधी आहे, त्याच पक्षातील माणसांना येथे ‘मी’ म्हणून बोलण्याचा अधिकार मिळाला. एखाद्या पात्राने ‘मी’ म्हटले की वाचकाला काही काळ तरी त्याच्या जागेवरून जग पाहावे लागते.

येथपर्यंत आपण व्यक्तींचा विचार केला. गटाचा प्रश्न याहून अवघड आहे.

४. गट आणि त्याच्या चार कसोट्या

एकटा विरोधक असला तर कथाकार त्याला बालपण देऊ शकतो, दुःख देऊ शकतो, एखादा हळवा क्षण देऊ शकतो. गटाच्या बाबतीत हा उपाय पुरेसा ठरत नाही. गटाला निशाण असते, गणवेश असतो, नाव असते. चेहरा मात्र बहुधा नसतो. गेममध्ये तर हे अधिकच घडते. समोरून येणारे शंभर सैनिक एकसारखे दिसतात, एकसारखे ओरडतात आणि एकसारखे कोसळतात. त्यांना मारताना खेळणाऱ्याला काही वाटू नये, अशीच ती रचना असते.

एखाद्या विरोधी गटाचे चित्रण नैतिकदृष्ट्या संदिग्ध आहे, म्हणजेच त्याच्याविषयीचा निवाडा सोपा राहिलेला नाही, असे आपण केव्हा म्हणावे? त्यासाठी पुढील चार कसोट्या उपयुक्त ठरतात.

(अ) कारण : त्या गटाच्या वागण्यामागे त्याच्या दृष्टीने समजण्याजोगे कारण कथेत आले आहे का?
(आ) आवाज : त्या गटातील कोणी नाव घेऊन, स्वतःच्या शब्दांत बोलते का?
(इ) मतभेद : त्या गटात अंतर्गत वाद आहेत का? ‘हे आपण करू नये’ असे म्हणणारा कोणी तेथे आहे का?
(ई) किंमत : त्या गटाच्या कृत्यांची आणि त्याच्याविरुद्ध नायकाने केलेल्या कृत्यांची झळ कोणाला बसते, हे कथा दाखवते का?

चौथी कसोटी विशेष महत्त्वाची आहे. पहिल्या तीन कसोट्या विरोधकाला माणूस करतात. चौथी कसोटी नायकालाही हिशेब द्यायला लावते.

५. मराठी लोकपरंपरेतील प्रतिपक्ष

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. बारामतीहून जेजुरी फार दूर नाही आणि खंडोबाची कथा या परिसरात घरोघरी माहीत आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांचा खंडोबाने पराभव केला. कथेच्या प्रचलित रूपात मणी शरण येतो, आपला घोडा देवाला देतो आणि देवाजवळ कायमचे स्थान मागून घेतो. भक्त देवाला ‘मल्हारी’ म्हणतात. व्युत्पत्तीने या शब्दाचा अर्थ ‘मल्लाचा अरी’, म्हणजे मल्लाचा शत्रू असा होतो. परंतु परिणाम असा झाला की देवाचे नाव घेताना प्रत्येक वेळी आधी दैत्याचे नाव घ्यावे लागते. पराभूताला कथेबाहेर हाकलून न देता कथेतच जागा देण्याची ही रीत आहे.

गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेल्या म्हसोबाचे उदाहरणही असेच आहे. म्हसोबा आणि महिषासुर यांच्या नात्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. देवीच्या कथेत जो मारला जातो, त्याच्याशी नाते सांगणारा देव शेताच्या बांधावर राखणदार म्हणून पुजला जातो.

याहून ठळक उदाहरण बळीराजाचे. पुराणकथेनुसार बळी हा असुरांचा राजा आणि वामनाने त्याला पाताळात धाडले. मराठी शेतकरी मात्र स्वतःलाच ‘बळीराजा’ म्हणवून घेतो आणि दिवाळीच्या पाडव्याला घरातील स्त्रिया बळीचे राज्य येवो अशी इच्छा व्यक्त करून ओवाळतात. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात ही कथा उलट बाजूने वाचली : बळी हा न्यायी राजा आणि वामन हा बाहेरून आलेला आक्रमक. फुले यांनी कथेतील मुख्य घटना तीच ठेवली. बदलला तो निवाडा. एकाच घटनाक्रमातून दोन परस्परविरोधी निवाडे निघू शकतात, हे आपण येथे लक्षात ठेवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
‘प्रतिनायक’ आणि ‘खल’ यांतील भेद आपल्या परिसरातील एखाद्या लोककथेच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

६. आपणच प्रतिपक्ष असतो तेव्हा : ‘गनीम’ आणि ‘बर्गी’

दुसऱ्याच्या विरोधकाविषयी उदार होणे सोपे असते. कसोटी लागते ती दुसऱ्याच्या कथेत आपणच विरोधी गट म्हणून उभे असतो तेव्हा.

‘गनीम’ हा शब्द पाहा. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ शत्रू, लुटारू. मोगलांच्या फारसी लेखनात तो मराठ्यांसाठी वापरलेला आढळतो आणि मराठी कागदपत्रांत व बखरींत मराठ्यांच्या शत्रूंसाठी. शब्द एक, बोट दाखविण्याच्या दिशा दोन. आज आपण ‘गनिमी कावा’ हा शब्दप्रयोग अभिमानाने उच्चारतो, तेव्हा त्यातील विशेषणाचा मूळ अर्थ ‘शत्रूचा’ असा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

दुसरा शब्द ‘बारगीर’. मराठी लष्करात स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. मराठी कानाला हा साधा लष्करी शब्द आहे. बंगालमध्ये मात्र त्याचे ‘बर्गी’ झाले आणि मुलांना भीती घालून झोपवण्याच्या अंगाईत तो जाऊन बसला. याचे कारण इतिहासात आहे. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा चौथाईच्या मागणीसाठी १७४२ पासून बंगालवर वारंवार चालून गेल्या. भास्करराम कोल्हटकर, म्हणजेच भास्करपंत, हे त्यांचे सेनानी होते. मराठ्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खोदण्यात आला. तो ‘मराठा डिच’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने भास्करपंतांना वाटाघाटीस बोलावून ठार केले. पुढे १७५१ च्या तहात नवाबाने दरसाल बारा लाख रुपये चौथ देण्याचे मान्य केले.

आता याच घटना दोन भाषांत कशा सांगितल्या जातात ते पाहा. मराठीत आपण ‘बंगालवरील स्वारी’ म्हणतो. बंगालीत तिला ‘बर्गींचा हंगामा’ म्हणतात. मराठीत ‘चौथ वसूल केली’. बंगालच्या खेड्यात ती लूट होती. भास्करपंतांचा वध मराठी इतिहासात ‘दगा’ ठरतो. बंगाली कवीला त्यात दैवी न्याय दिसतो.

तो कवी म्हणजे गंगाराम. त्याचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य १७५१ च्या सुमाराचे, म्हणजे घटना ताज्या असतानाचे आहे. या काव्याची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. काव्याच्या आरंभी पृथ्वी पापाच्या भाराने त्रासलेली आहे आणि बंगालमधील पाप्यांना शासन करण्याचे काम शिवाच्या आज्ञेने दक्षिणेतील शाहू राजाच्या फौजेकडे येते. म्हणजे मराठे येतात ते ईश्वरी कार्यासाठी. पुढे ही फौज गावे जाळते, निरपराधांना मारते, स्त्रियांवर अत्याचार करते. तेव्हा देवी रुष्ट होते, पक्ष बदलते आणि भास्करपंतांचा अंत होतो. आक्रमण सोसलेल्या प्रदेशातील कवीने आक्रमकाला आधी ईश्वरी कारण दिले आणि मग त्याच कारणाच्या मापाने त्याला दोषी ठरविले. आपल्या चार कसोट्यांपैकी ‘कारण’ आणि ‘किंमत’ या दोन या काव्याला पूर्णतः लागू पडतात.

मराठी वाचकाने हे काव्य वाचून आपल्या इतिहासाची लाज बाळगावी, असे येथे सुचवायचे नाही. त्या फौजेतील बारगीर हाही कोणाच्या तरी घरातला कर्ता मुलगा होता आणि बर्दवानकडील ज्या शेतकऱ्याचे घर जळाले, तोही. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी मानता येणे, ही नैतिक संदिग्धतेला सामोरे जाण्याची पहिली पायरी होय.

७. क्रियापदांचा पक्षपात

भाषेचे विद्यार्थी म्हणून या टप्प्यावर आपण मराठी व्याकरणातील एक परिचित गोष्ट आठवू. मराठीत अनेक धातूंच्या जोड्या आहेत : जळणे–जाळणे, मरणे–मारणे, पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे. पहिले रूप अकर्मक, दुसरे सकर्मक. ‘गाव जळाले’ या वाक्यात जाळणारा कोणी नाही. जणू ते आपोआप घडले. ‘त्यांनी गाव जाळले’ या वाक्यात ‘नी’ हा प्रत्यय कर्त्याला पुढे आणून उभे करतो.

कोणतेही युद्धवर्णन घ्या आणि या जोड्या शोधा. बहुधा असे आढळेल की शत्रूची कृत्ये सकर्मक असतात आणि आपल्या बाजूची अकर्मक. ‘त्यांनी माणसे मारली’, पण ‘आपल्या हल्ल्यात काही माणसे मेली’. नामांचेही तसेच. आपली ‘तुकडी’, त्यांची ‘टोळी’. आपले ‘वीर’, त्यांची ‘झुंड’. कथनाने उघड शिवी दिली नाही तरी व्याकरण आपले काम करीत राहते.

८. व्हिडिओ गेम काय वेगळे करतो?

कादंबरीचा वाचक पात्राची कृती वाचतो. गेम खेळणारा ती कृती करतो. कळ दाबल्याशिवाय गाव जळत नाही. त्यामुळे खेळणाऱ्याला ‘गाव जळाले’ असे अकर्मक वाक्य सहजासहजी उच्चारता येत नाही. त्याला ‘मी गाव जाळले’ असेच म्हणावे लागते. या माध्यमाचे हे वैशिष्ट्य आहे आणि चांगले गेम त्याचा विचारपूर्वक उपयोग करतात. आपण चार उदाहरणे पाहू.

(१) ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९). क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश संस्थेने तयार केलेला हा युद्धनीतीचा गेम. त्यातील काळ १७०० पासून सुरू होतो आणि मराठ्यांचा गट त्यात निवडता येतो. ब्रिटन हा गट निवडला, तर तेच मराठे प्रतिपक्ष होतात. आरंभीच्या यादीतील एका निवडीने नायक आणि विरोधक यांची अदलाबदल होते. गेममध्ये या गटाला ‘मराठा कॉन्फेडरसी’, म्हणजे मराठा संघ, असे म्हटले आहे. १७०० मध्ये मात्र छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर महाराणी ताराबाई औरंगजेबाशी झुंजत होत्या आणि सरदारांचा संघ ही पुढील काळातील गोष्ट आहे. नावे इतिहासाला कशी पुढेमागे सरकवितात, याचे हे उदाहरण. या गेमला नैतिकदृष्ट्या संदिग्ध म्हणता येईल का? माझ्या मते नाही. येथे बाजू बदलता येते, परंतु कोणत्याही बाजूला आवाज नाही आणि जळालेल्या गावाला चेहरा नाही. बाजू बदलता येणे हा केवळ भूमिकाबदल आहे. प्रत्येक जागेवरून तोच नकाशा दिसत असेल, तर निवाडा अवघड होत नाही.

(२) ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ (२०२०). पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेची ही निर्मिती. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. असुरांचा अधिपती महाबलासुर आहे. कथेचे निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून होते. म्हणजे निवेदक एका पक्षाचे आहेत आणि असुरांकडे निवेदक नाही. ही त्रुटी मानण्याचे कारण नाही. शौर्यकथेची ती जुनी, मान्य रीत आहे आणि बहिणीच्या मायेची कथा त्यामुळे सरळ उभी राहते. तरीही बळीराजाला ओवाळणाऱ्या प्रदेशातील वाचकाच्या मनात एक प्रश्न उरतो : हीच कथा असुरांच्या वस्तीतून सांगितली असती, तर ती कशी झाली असती?

(३) ‘असॅसिन्स क्रीड : रोग’ (२०१४). या मालिकेत असॅसिन आणि टेम्पलर असे दोन गुप्त गट पिढ्यान्‌पिढ्या झगडतात आणि बहुतेक भागांत खेळणारा असॅसिनांच्या बाजूने असतो. या भागाचा नायक शे कॉरमॅक हाही आरंभी असॅसिन आहे. गटाच्या आज्ञेवरून तो लिस्बन शहरात एक प्राचीन वस्तू मिळवायला जातो आणि त्याच्या हस्तक्षेपातून १७५५ चा भूकंप होतो, अशी कल्पना आहे. परत येऊन तो आपल्या नेत्यांना थांबण्याची विनंती करतो. ते ऐकत नाहीत. पुढे तो टेम्पलरांना मिळतो आणि खेळणाऱ्याला आपल्याच जुन्या सोबत्यांवर शस्त्र धरावे लागते. त्या सोबत्यांची नावे, स्वभाव, थट्टामस्करी खेळणाऱ्याला ठाऊक असते. विरोधी गट येथे अनोळखी राहत नाही. आवाज, मतभेद आणि किंमत या तिन्ही कसोट्या येथे लागू पडतात.

(४) ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ (२०१०). अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत हूवर धरणाच्या ताब्यासाठी चाललेल्या संघर्षाची ही कथा आहे. एक लोकशाही राज्य धरण सांभाळते, परंतु बरीचशी वीज आपल्या दूरच्या शहरांकडे नेते. कर घेते आणि अंगाबाहेरचा विस्तार करते. दुसरा गट, सीझरची सेना, गुलाम बाळगतो आणि क्रूर शिक्षा देतो. तरीही त्याच्या मुलखातील रस्ते व्यापाऱ्यांना सुरक्षित वाटतात, असे त्या जगातील माणसे सांगतात. शहराचा तिसरा दावेदार चतुर आणि एकाधिकारी आहे. खेळणाऱ्याला यांपैकी एका बाजूला मिळता येते किंवा सर्वांना नाकारता येते. निवडीचे परिणाम शेवटी वस्त्यावस्त्यांच्या नशिबातून दाखविले जातात. चारही कसोट्यांचा विचार येथे केलेला आढळतो.

९. एक सावधगिरी : संदिग्धता म्हणजे समान दोष नव्हे

या विषयात विद्यार्थी अनेकदा एक घाईचा निष्कर्ष काढतात : ‘प्रत्येकाची आपापली बाजू असते, म्हणून सगळे सारखेच.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. वरील चौथ्या उदाहरणातील रस्ते सुरक्षित असले, तरी गुलामगिरी ही गुलामगिरीच राहते. कारण समजणे म्हणजे कृत्य मान्य करणे नव्हे. ‘महाराष्ट्र पुराणा’तील देवी पक्ष बदलते, ते फौजेची आज्ञा विसरून नव्हे, आज्ञा ठाऊक असूनही ती जळलेल्या घरांचा हिशेब मागते. चांगले कथन निवाडा पुढे ढकलते, कारण त्याला आधी साक्ष ऐकायची असते. साक्ष ऐकल्यावर निवाडा द्यावाच लागतो. फक्त तो आता आपल्या नावावर असतो.

१०. उपयोजन : कालव्याची गोष्ट

वरील विवेचन आपल्या परिसरात आणून पाहू. इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे नीरा डाव्या कालव्याच्या भागातील गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला हा कालवा बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील शेती भिजवितो. कोणत्याही कालव्याला वरचा भाग असतो आणि शेपटाचा भाग असतो. आवर्तन सुटले की पाणी आधी वरच्यांच्या शिवारात जाते. शेपटाकडे पोचेपर्यंत ते कमी झालेले असते. उसासाठी पाणी हवे असलेला वरचा शेतकरी आणि उभे पीक वाळताना पाहणारा खालचा शेतकरी यांच्यात कुरबुरी होणे साहजिक असते.

अशी कल्पना करा की, दोन काल्पनिक गावांवर आपल्याला एक गेम रचायचा आहे : वरचे गाव आणि शेपटाचे गाव. एका रात्री चारीची भिंत मोडते आणि पाणी भलतीकडे वाहू लागते. सकाळी एका गावात वाक्य ऐकू येते, ‘चारी फुटली.’ दुसऱ्या गावात ऐकू येते, ‘त्यांनी चारी फोडली.’ घटना एकच; धातूच्या रूपात दोन गावांचे भांडण सामावले आहे. आता खेळणाऱ्याला रात्रपाळीच्या पाटकऱ्याची भूमिका द्या. त्याचे लग्नसंबंध दोन्ही गावांत आहेत. शेपटाच्या गावातील एक विधवा बाई दारे धरायला एकटीच आली आहे. वरच्या गावातील एका तरुणाने पीककर्ज काढून ऊस लावला आहे. वरच्या गावातच एक म्हातारा असे म्हणणारा आहे की, शेपटाला आधी पाणी द्यावे. कारण, आवाज, मतभेद, किंमत – चारही कसोट्या या लहानशा गोष्टीत बसतात. तिला ना राक्षस लागतो, ना सेना. आणि पाटकऱ्याच्या हातात दार उघडण्याची चावी असल्यामुळे खेळणाऱ्याला ‘पाणी गेले’ असे म्हणून सुटता येत नाही. त्याने ते सोडलेले असते.

अशा गोष्टीत वरचे गाव खल ठरेल की शेपटाचे, हे कथाकाराच्या क्रियापदांवर ठरू नये, तर खेळणाऱ्याने ऐकलेल्या साक्षींवर ठरावे. प्रत्यक्ष भांडणात आपण बहुधा एकाच गावचे असतो आणि दुसऱ्या गावातील त्या बाईचे किंवा त्या म्हाताऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. कथा, मग ती ओवीतली असो वा पडद्यावरची, ते नाव आपल्याला सांगू शकते.

११. सारांश

विरोधक हे कथेतील स्थान आहे आणि खल हा नैतिक निवाडा आहे. मराठीतील ‘खलनायक’ या शब्दात दोन्ही मिसळले आहेत. विरोधी गटाची संदिग्धता कारण, आवाज, मतभेद आणि किंमत या चार कसोट्यांवर तपासता येते. मणी-मल्ल, म्हसोबा आणि बळीराजा यांच्या रूपाने मराठी परंपरेने पराभूत पक्षाला कथेत जागा दिली. ‘बर्गी’ या शब्दातून आपणही इतरांच्या कथेतील प्रतिपक्ष असतो, हे कळते. अकर्मक-सकर्मक धातूंच्या जोड्या कथनाचा पक्षपात उघड करतात. व्हिडिओ गेममध्ये कृती खेळणाऱ्याच्या हातून घडत असल्यामुळे कर्ता लपविणे अवघड होते. बाजू बदलता येणे म्हणजे संदिग्धता नव्हे आणि संदिग्धता म्हणजे सर्वांचा दोष समान मानणे नव्हे.

१२. शब्दार्थ

प्रतिनायक : नायकाच्या विरोधात उभे असलेले प्रमुख पात्र.
नैतिक संदिग्धता : योग्य-अयोग्याचा निवाडा सहज करता न येण्याची स्थिती.
चौथ : मराठे परमुलखातून वसूल करीत असलेला महसुलाचा चौथा हिस्सा.
आवर्तन : कालव्यातून ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी.
पाटकरी : कालव्याच्या पाण्याच्या वाटपावर देखरेख करणारा कर्मचारी.

१३. सरावासाठी स्वाध्याय

१. ‘भूमिकाबदल’ आणि ‘नैतिक संदिग्धता’ यांतील फरक ‘एम्पायर : टोटल वॉर’ आणि ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यातील मराठ्यांचे चित्रण चार कसोट्यांवर तपासा.
३. एखाद्या वर्तमानपत्रातील संघर्षाची बातमी निवडा. तिच्यातील अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांची दोन स्वतंत्र रकान्यांत नोंद करा आणि कर्ता कोठे सांगितला आहे, कोठे वगळला आहे, याविषयी आपला निष्कर्ष लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील पाणी, रस्ता किंवा बांध यांविषयीच्या एखाद्या जुन्या, मिटलेल्या वादाची हकिकत दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्या व्यक्तींकडून ऐका. दोन्ही हकिकती, शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत, व्यक्तींची नावे बदलून लिहून काढा. आपले मत शेवटच्या परिच्छेदापर्यंत राखून ठेवा.